तिथी सगळ्यांना एकच

हिमानीने एका हाताने पोहे निथळत दुसऱ्या हाताने फोन उचलला, तर पलीकडून उल्हासकाकांनी नमस्कार-चमत्कार काही न करता थेट तोफच डागली.

"हिमानी, हे काय करून ठेवलंस? वेबसाइटवर माझ्या पानावर कैलासवासी सौभाग्यवती नंदा! अगं, माझी बायको जिवंत आहे! इथे माझ्यासमोर बसून चाय पिते आहे!"

मागून लतिकाकाकूंचा आवाज आला, "आणि चांगली ठणठणीत आहे म्हणावं."

"ऐकलंस? सकाळपासून तिसरा फोन येतोय मला. मुळ्यांच्या घरी तेच, सप्र्यांच्या घरी तेच. काशीतल्या सगळ्या मराठी घरांत आज एकच बाई वारली की काय?"

उल्हासकाका मंडळाचे सचिव. मंडळ म्हणजे बनारसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांचं. गणपती, कोजागरी, चैत्रातलं हळदीकुंकू आणि वर्षातून एकदा कडाक्याचं भांडण, एवढा त्याचा कारभार. मंडळाची वेबसाइट हिमानीने हौसेने करून दिली होती. तिचं पोटापाण्याचं काम वेगळं होतं, कुठल्यातरी लांबच्या कंपनीसाठी दिवसभर खोलीत बसून कोड लिहायचा. मंडळाची साइट एवढ्यासाठीच की त्या निमित्ताने कोणीतरी मराठीत फोन करतं. नाहीतर मुन्शी घाटावरच्या त्या दोन खोल्यांत आठ-आठ दिवस दूधवाल्या भैयाशिवाय तिच्याशी कोण बोलणार होतं!

"काका, बघते. पाच मिनिटं द्या."

तिने पोहे तसेच ठेवले आणि लॅपटॉप उघडला. स्वतःच्या नावाने आत गेली. समोर पान आलं:

आज भाद्रपद वद्य नवमी. अविधवा नवमी.
आपल्या घरी: कै. सौ. नंदा बिंदुमाधव खांबेटे.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायचा दिवस. त्याखाली टीप होती. ज्याने-त्याने स्वतःसाठी लिहून ठेवायची जागा. तिथे लिहिलं होतं, 'सवाष्ण या वर्षीही मिळाली नाही. विचारणं आता बरं वाटत नाही.'

आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत, हिमानीने स्वतः हौसेने घातलेली ओळ: 'ही टीप फक्त तुम्हालाच दिसेल.'

मंडळातल्या घराघरांत सकाळपासून ही ओळ दिसत होती. बिंदुमाधवकाकांसारख्या माणसाची! जो माणूस कोणाकडे वाटीभर साखर मागणार नाही, ज्याने बायको गेल्यावर सांत्वनाला आलेल्यांना 'मी ठीक आहे' म्हणून दारातूनच परत पाठवलं, त्याने कधीतरी एकट्याने बसून लिहिलेली ही ओळ.

चूक सापडायला वेळ लागला नाही. स्वतःचीच चूक माणसाला बरी लवकर दिसते, फक्त होऊन गेल्यावर.

साइटचं पान वाचणाऱ्याच्या फोनवर तयार होत नसे. ते सर्व्हरवरच पूर्ण मांडून, वाढलेल्या ताटासारखं, त्याच्यापुढे येई. कारण मंडळातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे फोन त्यांच्याच वयाचे होते. तिथी मात्र सर्व्हरला कुठून कळणार? ती पंचांगाच्या एका बाहेरच्या सेवेकडून मागवावी लागे. त्या सेवेकडेच प्रत्येक घराचा हिशेब होता: कोणाच्या घरी कोणाची तिथी, टीप काय, आणि महिना कुठला धरायचा. इथे हा शेवटचा भाग महत्त्वाचा. आजूबाजूचं सगळं बनारस आजच्या दिवसाला आश्विन म्हणतं आणि मातृनवमी पाळतं; आपला मात्र भाद्रपदच. म्हणून सेवेला माणूस ओळखावा लागे, आणि ओळख पटते ती कुकीवरून. कुकी म्हणजे काय, तर ब्राउझरने जवळ बाळगलेली ओळखीची चिठ्ठी. सर्व्हरने ती वाचणाऱ्याकडून घ्यायची, बाहेरच्या सेवेला दाखवायची, त्याची माहिती आणायची.

आधी सर्व्हर चिठ्ठी पुढे नेतच नव्हता. सेवा म्हणे, तुम्ही कोण? हिमानीने ते दुरुस्त केलं. मग सेवा कुरकुरायला लागली की तुमचे फार सवाल येतात, जरा दमाने घ्या. तेव्हा काल रात्री तिने विचार केला: तिथी काय, सगळ्यांना एकच! सगळी घरं एकाच गावची, एकाच नदीकाठची, महिना धरायची रीतही एकच. मग घराघरासाठी पुन्हा पुन्हा विचारायचं कशाला? सकाळी पहिला माणूस येईल तेव्हा एकदाच विचारू, आणि आलेलं उत्तर दिवसभर सगळ्यांना देऊ.

पुण्या-मुंबईच्या पोरीला हे सुचलं नसतं. काशीच्या पोरीला सुचलं, आणि बरोबरच वाटलं. फक्त त्या उत्तरात तिथीबरोबर त्या पहिल्या माणसाचं घरही होतं, हे तिच्या डोक्यातून निसटलं. आणि या गावात पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तिथी कोण बघणार? बिंदुमाधवकाकाच.

तिने ठेवलेलं उत्तर पुसलं आणि ज्याचं त्याला स्वतंत्र विचारायची सोय परत लावली. पुन्हा पान उघडलं. आता तिच्या नावाखाली तिचे बाबा होते, त्यांची तिथी लांब पौषात. बाकी रिकामं. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"उल्हासकाका, झालं. ग्रुपवर एक निरोप टाकाल का?"

"सांग, लिहितो."

"लिहा, सकाळी वेबसाइटवर दिसलेली माहिती तांत्रिक चुकीमुळे दिसली होती. कृपया दुर्लक्ष करावे."

"एवढंच?"

"एवढंच. जितकं कमी बोलू तितकं बरं. काकांची शोभा नको व्हायला."

"त्याला कळणार नाही गं. तो ग्रुपवर कुठे आहे? लोक रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतात म्हणून वैतागून निघून गेला."

"पण मला सांगायला हवं. जाऊन सांगते."

"फोनवर सांग की!"

"नको. तोंडावर सांगते."

उल्हासकाका म्हणाले, "जा. आणि जरा सांभाळून बोल. तो रागावला तरी ओरडत नाही, तेच वाईट."

* * *

गंगा चढलेली होती. घाटाघाटाने चालत जायची वाट पाण्याखाली, म्हणून हिमानी बंगाली टोल्यातून निघाली. गल्लीत शेणाचा, अगरबत्तीचा आणि तळलेल्या कचौड्यांचा वास एकमेकांत मिसळलेला. पितृपक्ष असल्यामुळे डोकी भादरलेले परगावचे लोक घोळक्याने चालत होते. "ए दीदी, तनी बगल हो जा," म्हणत एकजण सायकल काढून गेला. वाटभर ती मनात वाक्यं जुळवत होती. काका, एक चूक झाली. काका, माझ्याकडून एक चूक झाली. काका, तुमची टीप लोकांनी वाचली. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटचं वाक्य तेच येत होतं, आणि ते काही सोपं होत नव्हतं.

लहानपणी ती या घरी यायची. नंदाकाकू संध्याकाळी मंडळाच्या पोरांना जमवून श्लोक म्हणवून घ्यायच्या, आणि ज्याचं चुकेल त्याला आधी लाडू द्यायच्या. काकांना मूलबाळ नव्हतं. ते पाठशाळेत न्याय शिकवत. न्याय म्हणजे कोर्टातला नव्हे. अमुक आहे म्हणून तमुक आहे, हे कसं सिद्ध करायचं त्याचं शास्त्र. घरीही ते तसेच बोलत. काकूंनी भाजीत मीठ कमी म्हटलं तर 'कशावरून?' विचारणारा माणूस.

अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं दार. हिमानीने कडी वाजवायच्या आधीच ते उघडलं.

"लतिका? अरे, हिमानी! ये, ये. तूसुद्धा आलीस! कमाल झाली म्हणायची आज."

काकांनी सोवळ्याचं धोतर नेसलं होतं आणि कपाळापासून कोपरापर्यंत पीठ लागलं होतं. आणि चक्क हसत होते. हिमानीने तीन वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"काका, मला तुम्हाला एक—"

"आधी आत ये. पोळी तव्यावर आहे."

ती मागोमाग स्वयंपाकघरात गेली. पुरणपोळ्या लाटायचा घाट घातलेला दिसत होता. काही धड होत्या, काहींचं पुरण बाहेर आलं होतं. वरणभात झाकून ठेवलेला, कढी उतू गेल्याच्या खुणा शेगडीवर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. एका माणसाने सकाळपासून खपून केलेला स्वयंपाक.

"नंदाला पुरण लागायचं. श्राद्धाला वडे असतात, पण ती म्हणायची, मी तुमच्या आधी गेले तर नवमीला पुरणच करा हं. चेष्टेत म्हणायची. मला काय ठाऊक, खरंच..." त्यांनी पोळी उलटली. "सकाळी भातच टाकणार होतो नुसता. कोणी येणार नव्हतं. मग फोन यायला लागले."

"फोन?"

"लतिकाचा पहिला. म्हणाली, भाऊजी, आज नंदावहिनींची नवमी ना, मी येते जेवायला. मग वैदेही, मुळ्यांची. मग सप्र्यांची सून. तिला तर मी नीट ओळखतही नाही. तिघी! आणि दोन-तीन जण नुसते आठवण काढायला. अगं, गेल्या वर्षी मी चार घरं फिरलो. प्रत्येकीला कुठेतरी आधीच बोलावणं होतं. एका दिवशी दोन घरी जेवता येत नाही, त्यांचंही बरोबर आहे. या वर्षी दोन ठिकाणी विचारलं, आणि मग सोडून दिलं. म्हटलं, नंदा, तुला मी उपाशीच ठेवणार असं दिसतंय." त्यांनी हात धुतले आणि पदरासारखं उपरणं सावरलं. "लोक विसरत नाहीत गं. आपल्यालाच वाटतं विसरले म्हणून."

आता सांग, हिमानीने स्वतःला म्हटलं. आणि ती पुढे झाली आणि पोळपाटाला चिकटलेलं पीठ उलथन्याने खरवडायला लागली.

"राहू दे. तू पाहुणी," काका म्हणाले. पण उलथनं काढून घेतलं नाही.

बाहेरच्या खोलीत तीन पाट मांडलेले होते, पाटांपुढे पानं. प्रत्येक पानाभोवती रांगोळीची रेघ, थोडी थरथरलेली. कोनाड्यात करंडा, खण, नारळ. हिमानीने ते सगळं पाहिलं आणि तिच्या लक्षात एक गोष्ट आली, जी उल्हासकाकांशी बोलताना आली नव्हती. 'कृपया दुर्लक्ष करावे.' तिनेच सांगितलं होतं, शब्दन्‌शब्द तिचा. ज्या बायका ते पान वाचून येणार होत्या त्यांनी आता काय समजायचं?

"किती वाजेपर्यंत येणार आहेत काका?"

"यायलाच हव्यात आता. अपराह्णकाळ लागला."

दोघं बसून राहिले. गल्लीतून कोणाची पावलं आली की काका उठून उंबऱ्यापर्यंत जात. एकदा यात्रेकरू होते, एकदा गॅसवाला. एकदा म्हैस होती आणि तिच्यामागे शिव्या देत तिचा मालक. काका परत येऊन बसत, उपरण्याने घाम पुसत, पानांवरच्या माश्या हाकलत.

"बनारसच्या बायका," ते एकदा म्हणाले, "निघते म्हणतात तेव्हा वेणी घालायला बसलेल्या असतात."

मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "फोन तर केला असता."

आणि मग, आवाज बदलून, "लोक असेच. हो म्हणायला काय जातं!"

त्यांचा चेहरा परत रोजचा झाला होता, दारातून माणसं परत पाठवणारा. हिमानीला ते बघवेना. आपल्या पापाचं खापर त्या बायकांच्या माथी फुटतंय आणि आपण इथे बसून माश्या हाकलतोय, असं तिला झालं.

"त्यांची चूक नाही काका. माझी आहे."

मग तिने सगळं सांगितलं. कुकी, सर्व्हर, बाहेरची सेवा, एकदाच विचारून ठेवलेलं उत्तर. काकांनी मधे-मधे प्रश्न विचारले, पाठशाळेत विचारावेत तसे, नेमके.

"म्हणजे माझी ओळख दाखवून तू माझी माहिती आणलीस."

"हो."

"आणि ती सगळ्यांच्या पानांवर लिहिलीस."

"हो. तिथी सगळ्यांना एकच, म्हणून मला वाटलं..."

"तिथी एकच. माणूस निराळा. हेतू बरोबर, व्याप्ती चुकली." ते थांबले. "टीपसुद्धा?"

"हो."

"सगळ्यांनी वाचली?"

"ज्यांनी सकाळी उघडलं, त्यांनी."

काका उठले आणि आत गेले. हिमानीला वाटलं, उठून जावं. वाटलं, पाय धरावेत. आपल्याला कोणी असं उघडं केलं असतं तर आपण तोंड पाहिलं नसतं, हेही वाटलं. ती बसून राहिली, रांगोळीच्या रेघेकडे बघत.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिच्यापुढे ठेवला.

"म्हणजे त्यांना आठवण झाली नव्हती. दया आली होती."

"काका, तसं नाही..."

"तसंच आहे. पण दयेने का होईना, हो म्हणाल्या. स्वतःहून. मी विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या की नाही, कोण जाणे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आणि मग तू कळवलंस, दुर्लक्ष करा."

हिमानीने मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं ते तिने लपवलं नाही.

"लतिकाकाकूंना फोन लावते. थांबा."

फोन लागला. लतिकाकाकूंच्या मागे पंगतीचा गलका होता.

"अगं, तूच तर निरोप दिलास! यांनी ग्रुपवर टाकला, दुर्लक्ष करावे. मला वाटलं, मी फोन केला तेव्हा भिडेखातर हो म्हणाले असतील, त्यांच्याकडे काही नाहीच आज, कुठलंतरी जुनं वर आलं असेल. म्हटलं, उगाच जाऊन त्या माणसाला कशाला अवघड करायचं? वैदेहीच्या चुलतसासूची नवमी होती, तिथेच बसले मी. सप्र्यांची सूनही इथेच आहे. जेवून उठतोच आहोत आता." मग आवाज खाली आला. "त्यांनी स्वयंपाक केला होता का गं?"

"नाही," हिमानी म्हणाली. "काही नाही. ठेवते काकू."

काका पानांकडे बघत होते. उन्हाची तिरीप पहिल्या पाटावर आली होती.

"आणखी कोणाला तरी विचारू का? मी विचारते, तुम्ही नका विचारू."

"आता कोण उपाशी असणार?" ते म्हणाले. "वेळ चालली आहे." मग एकदम, जणू आत्ताच दिसावी तसं, तिच्याकडे वळले. "तू जेवलीस?"

"पोहे भिजवले होते. राहिलेच."

"मग तूच बस की. नवरा हैदराबादलाच ना तुझा अजून?"

चार वर्षांत तिला कोणी असं विचारलं नव्हतं. ती एकटी परत आली तेव्हापासून मंडळाच्या हळदीकुंकवाला तिच्या हातात कॅमेरा दिला जायचा. फोटो काढ हं हिमानी, तू छान काढतेस. कोणी वाईट वागत नसे. फक्त कुंकवाचं बोट तिच्याजवळ आलं की शेजारणीकडे वळायचं.

"हैदराबादलाच आहे," ती म्हणाली. हे खरं होतं.

"मग बस. नंदाला तू आवडायचीस."

ती पाटावर बसली. काकांनी कोनाड्यातून करंडा आणला, झाकण काढलं आणि तिच्या पानाशेजारी जमिनीवर ठेवला.

"मला लावता येत नाही. हे बाईने बाईला लावायचं. घरात दुसरी कोणी नाही, तर तुझं तूच लाव."

हिमानीने बोट कुंकवात बुडवलं. ते वर आणता आणता ती थांबली. समोर म्हातारा माणूस वरणाचं भांडं घेऊन उभा होता, सकाळपासून खपलेला, आणि एवढं एक बोट कपाळाला टेकलं की त्याचं काम होणार होतं. कोणाला कळणार होतं? त्याला तर नाहीच. आज एकदा त्याच्या घरचं नाव भलत्या पानांवर लागलंय, आता त्याच्या पानावर भलती बाई नको, एवढंच तिच्या मनात आलं.

"काका, निकाल लागला."

"कसला?"

"कोर्टाचा. गेल्या महिन्यात. मी आता चालणार नाही तुम्हाला."

खाली कुठेतरी पाणी पायऱ्यांवर आपटत होतं.

"आईला कळवलंस?"

"ती पुण्याला दादाकडे आहे. तिला सांगितलं तर ती रडेल, मग दादाचा फोन येईल, मग वहिनीचा. नाही सांगितलं."

"मग कोणाला सांगितलंस?"

"तुम्हाला. आत्ता."

हे म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. महिनाभर तो धड होता. मीटिंगांत धड, दूधवाल्याशी धड, उल्हासकाकांशी तर चेष्टासुद्धा. बोट तसंच कुंकवाने माखलेलं, मांडीपासून दूर धरलेलं, साडीला लागू नये म्हणून धरावं तसं. तिच्या अंगावर साडी नव्हती.

काकांनी भांडं खाली ठेवलं आणि ते समोर भिंतीला टेकून बसले. त्यांचा चेहरा विद्यार्थ्याने मांडलेलं ऐकताना व्हायचा तसा झाला होता. यात चूक कुठे आहे, ते शोधणारा. हिमानी वाट बघत राहिली. त्यांना सापडणारच होती. शास्त्र त्यांना पाठ होतं, त्यात अशा बाईला जागा नव्हती, आणि ते खोटं बोलणारे नव्हते.

"महिनाभर एकटीच होतीस," ते शेवटी म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"तुम्ही तर तीन वर्षं आहात."

"माझं वय आहे त्याला." त्यांनी नाक ओढलं, उपरण्याने पुसलं. "लाव ते."

"पण काका, नंदाकाकूंच्या नावाने..."

"नंदाला मी सांगेन."

हिमानीने बोट कपाळाला टेकवलं. आरसा नव्हता, त्यामुळे कुंकू थोडं डावीकडे लागलं. काकांनी ते पाहिलं. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले आणि वाढायला लागले. मीठ, चटणी, भाजी, भात, वरण, मग पोळी, तिच्यावर तूप. पळीभर जास्तच. पान भरलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. बराच वेळ चाललं ते. नेहमीच्या मंत्राला एवढा वेळ लागत नाही.

"घे," ते म्हणाले.

तिने हात पुढे केला नाही. मग त्यांनी शेजारचं रिकामं पान स्वतःकडे ओढलं, त्यावर भात घेतला, आणि तिच्या बाजूला पाटावर बसले. यजमानाने सवाष्णीच्या आधी किंवा तिच्याबरोबर जेवायचं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.